‘म्हणे’ : एका झिनची नोंदवही

२१ नोव्हेंबर २०२४

काल मतदान उरकून सगळे आपापल्या गावाहून परतले. चौघांच्याही बोटाला शाई. पहिली बैठक पोवई नाक्यावर चहाच्या गाड्याशी झाली. तासभर निकालाच्या पैजा लागल्या, प्रकल्प शेवटच्या दहा मिनिटांत ठरला.

आमचं तृतीय वर्ष, समाजशास्त्र. बाकीचे गट प्रश्नावल्या भरून घेणार, तक्ते काढणार, स्पायरल बाइंडिंग करून ठेवून देणार. आम्ही झिन काढणार. मॅडमनी विचारलं, झिन म्हणजे काय? वाईकर म्हणाला, मॅगझिनचं डोकं उडवलं की खाली उरतं ते. मग मी जरा शहाण्यासारखं सांगितलं, की अमेरिकेत १९३० च्या सुमाराला विज्ञानकथांचे चाहते असे घरगुती अंक काढायला लागले आणि सत्तरच्या दशकात पंक संगीतवाल्यांनी ते झेरॉक्सवर नेले. मॅडम म्हणाल्या, “आणि मुंबईतली कवीमंडळी पन्नास-साठच्या दशकात सायक्लोस्टाइलवर अनियतकालिकं काढून हातोहात वाटायची, ते काय होतं?” आम्ही गप्प. परवानगी मिळाली, पण एका अटीवर. काम कसं झालं याची तारीखवार वही ठेवायची. ही ती वही.

विषय धर्माचा आणि गाव लहान, म्हणून अंकात आणि वहीतही कुणाचं नाव नाही. गावावरून हाका. वाईकर (शंकेखोर, शाळेपासून अंनिसच्या शिबिरांना जाणारा), फलटणकर (अक्षर सुंदर, बोलणं कमी), कराडकर (चित्रं) आणि मी, सातारकर.

सोळा पानं. ए-फोर कागदाची घडी. विषयांची पहिली यादी वाईकरच्या अक्षरात : टॅरो, विक्का, अ‍ॅलिस्टर क्रोली, सैतानाचं चर्च, थिऑसॉफी, प्लँचेट. फलटणकरनं यादी वाचली आणि विचारलं, “यातलं एक तरी सातारा स्टँडवरनं एसटीनं गाठता येतं का?”

२५ नोव्हेंबर

नाव सापडलं. क्रोली या इंग्रज गूढविद्यावाल्याच्या मजकुरात सापडलं. १९०४ च्या एप्रिलमध्ये कैरोत हा गृहस्थ बायकोबरोबर उतरला होता. तिथं आयवास नावाच्या कुण्या अदृश्य शक्तीनं तीन दिवस, रोज दुपारी एक तास, त्याला मजकूर सांगितला आणि त्यातून त्याचा ‘थेलेमा’ पंथ निघाला. मी लिहिलं होतं, ‘मजकूर सांगितला’. वाईकरनं पुढं पेन्सिलीनं ‘म्हणे’ घातलं. सगळे हसलो आणि मग जाणवलं की हेच नाव.

पण लगेच भांडण. माझं म्हणणं, ‘म्हणे’ हा काही साधा शब्द नाही. ‘त्याला नोकरी लागली म्हणे’ यात बातमी आहे, ऐकीव आहे एवढंच. ‘तो म्हणे मोठा साहेब’ यात नाक मुरडलेलं आहे. जागा बदलली की चव बदलते. आणि हा शब्द आम्ही क्रोलीला लावणार, उद्या गावातल्या एखाद्या छोट्या पंथाला लावणार, पण मोठ्या देवळातल्या मोठ्या गोष्टींना लावणार का? कुणी उत्तर दिलं नाही. शेवटी नियम लिहून वहीच्या पुठ्ठ्याला चिकटवला : जे आपण पाहिलं नाही त्याला म्हणे, मग ते कुणाचंही असो. लावायचं तर सगळ्यांना, नाहीतर कुणालाच नाही.

१ डिसेंबर

टॅरोचं पान कराडकरनं घेतलं आणि भविष्य सोडून चित्रकर्तीच्या मागं लागला. पत्ते ७८. मुळात पंधराव्या शतकात उत्तर इटलीत निघालेला खेळायचा जोड. आपल्या सावंतवाडीच्या गंजिफ्यासारखा, खेळ म्हणूनच. त्यात इजिप्तचं प्राचीन ज्ञान दडलेलं आहे हे १७८१ मध्ये कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच माणसानं जाहीर केलं. तेव्हा इजिप्तची चित्रलिपी जगात कुणालाच वाचता येत नव्हती. शांपोलियाँनं ती उलगडली १८२२ मध्ये. म्हणजे खोटं पाडायला कुणी नाही, हे बघूनच विधान केलेलं. इथं ‘म्हणे’ ठळक टायपात.

आज जगभर जो जोड दिसतो त्याची चित्रं १९०९ मध्ये पामेला कोलमन स्मिथ या बाईनं काढली. एका वर्षात. तिनं एका पत्रात लिहिलंय की काम मोठं आणि पैसे अगदीच थोडे. पुढं १९५१ मध्ये ती वारली, तीही कर्जात. जोड वर्षानुवर्षं प्रकाशकाच्या आणि सल्ला देणाऱ्या वेट साहेबाच्या नावानं विकला गेला. कराडकर आठवडाभर बिनपैशाची निमंत्रणपत्रिका करून देतोय एका मित्राच्या बहिणीची, त्यामुळं त्याला हे फार लागलं. त्याच्या पानात भविष्याचं एक अक्षर नाही. ‘हिचे पैसे कुणी दिले?’ असा मथळा आहे. राहू दिला.

५ डिसेंबर

मार्गशीर्षातला पहिला गुरुवार. घरी घट मांडला, आईनं महालक्ष्मी व्रताची पुस्तिका वाचली. मी वाचनाकडं कमी आणि पुस्तिकेकडं जास्त बघत होते. राजवाड्याजवळ घेतलेली, पातळ कागद, मध्ये दोन पिना, घडी थोडी तिरकी. हीच की झिन! लेखकाचं नाव नाही, किंमत किरकोळ, दर वर्षी नवी घ्यायची आणि शेजारणीला द्यायची.

उद्यापनानंतर एक प्रत मला मिळेल का विचारलं. गेल्या वर्षीची मिळाली. रात्री पिना उचकटून कागद सुटे केले. मधला कागद धरून मोजत गेलो तेव्हा छपाईचं गणित समजलं. सोळा पानांना चार ए-फोर. पहिल्या कागदावर एका अंगाला १६ आणि १, दुसऱ्या अंगाला २ आणि १५. मग १४ आणि ३, ४ आणि १३. कागदाच्या एका अंगावरच्या दोन पानांची बेरीज कायम सतरा. बेरीज चुकली की पान चुकलं. फलटणकरनं ही ओळ तिच्या अक्षरात भिंतीवर लावली.

(लहानपणी दाराखालून यायची ती पत्रकं आठवली : अमुक देवाचा चमत्कार, हे पत्रक छापून हजार लोकांना वाटा, एकानं फाडलं तर त्याचं असं झालं. त्याचं वितरण बघा. आमच्याकडं एवढा दम नाही.)

८ डिसेंबर

प्लँचेट. हे मुद्दाम सविस्तर लिहितेय कारण अंकात दोनच पानं बसणार आहेत.

मुलांच्या वसतिगृहातला कॅरम बोर्ड वाईकरच्या काकांच्या रिकाम्या खोलीत नेला. बोर्डवर बोरिक पावडर, कडेनं चिठ्ठ्यांवर अक्षरं, दोन कोपऱ्यांत ‘हो’ आणि ‘नाही’. मध्ये स्टीलची वाटी पालथी. चौघांचं एकेक बोट. आणि लगेच मराठी आडवी आली. इंग्रजीत सव्वीस अक्षरं मांडली की झालं. इथं काना, मात्रा, वेलांटी कुठं ठेवायच्या? जोडाक्षराचं काय? फलटणकर म्हणाली, “मेल्यावर माणसाला जोडाक्षर येत नाही, असं धरून चालू.” म्हणून सगळी सुटी अक्षरं ठेवली.

वाटी हलली. खरंच हलली आणि ती कुणी ढकलतंय असं वाटत नव्हतं. माझ्या पोटात गोळा आला हे लिहायलाच हवं. ‘तू कोण’ला तिनं ‘र’ ‘म’ ‘न’ दिलं. रमण? रमणे? रामन? आम्हीच अर्थ लावत बसलो. ती अक्षरं देत होती आणि काना-मात्रा आम्ही घालत होतो, हे वाईकरनं वहीत टिपलंय.

मग कराडकरनं मधेच हळू आवाजात त्याच्या वडिलांचं नाव घेतलं. ते गेले त्याला चार वर्षं झाली. कुणी हसलं नाही. वाटी हलली नाही. कितीतरी वेळ हलली नाही. मला वाटतं, आमच्यातल्या एकालाही ती हलवायची हिंमत झाली नाही.

चहा घेऊन दुसरा भाग. तिघांच्या डोळ्यांवर ओढण्या. बोट वाटीवरच. वाईकरनं आवाज न करता अक्षरांच्या चिठ्ठ्या उचलून सगळ्या एक बाजू पुढं सरकवल्या आणि प्रश्न विचारले. वाटी प्रत्येक वेळी अगदी ठामपणे जिथं जायची, तिथं आता कोरं लाकूड होतं. ‘हो’ मघाशी जिथं होता तिथं.

तिसरा भाग मायकेल फॅरेडेचा. विजेवाला फॅरेडे. १८५३ मध्ये लंडनमध्ये टेबलं फिरवण्याचं वेड शिगेला होतं तेव्हा त्यानं टेबल आणि हात यांच्यामध्ये पुठ्ठ्याचे थर ठेवले, मध्ये मऊ चिकट लुकण. टेबल हाताला ओढत असेल तर खालचा थर आधी सरकेल, हात टेबलाला ढकलत असेल तर वरचा. वरचा सरकला. मग त्यानं एक काडी लावली, जी हाताचा दाब बसणाऱ्यालाच दाखवायची. ती दिसायला लागल्यावर टेबल हलायचंच थांबलं. बसणारे लबाड नव्हते. आपण ढकलतोय हे त्यांना ठाऊक नव्हतं. आम्ही लुकणाऐवजी व्हॅसलीन वापरलं, दोन पुठ्ठ्यांच्या कडेवर पेन्सिलीची सरळ रेघ मारली. रेघ तुटली. वरचा तुकडा पुढं.

पानाचा मथळा : ‘हात आधी हलतात.’ इथं म्हणे नाही, कारण हे आम्ही पाहिलंय. वडिलांचा भाग अंकात नको, असं कराडकर म्हणाला. वहीत चालेल का विचारलं. चालेल म्हणाला.

११ डिसेंबर

आज माझी चूक.

संपादकीयाचा कच्चा खर्डा गटात वाचला. त्यात वाक्य होतं : ‘आम्ही श्रद्धेचा आदर करतो असं मानभावीपणानं म्हणणार नाही.’ मला ते वाक्य फार आवडलं होतं. फलटणकरनं विचारलं, “मानभावी म्हणजे?” मी म्हटलं, वरून साधं आणि आतून वेगळं, साळसूद. ती म्हणाली, “आम्ही महानुभाव आहोत. घरात सगळे. मानभाव म्हणजे आम्ही.”

मला खरंच माहीत नव्हतं. बारावीपर्यंत मराठीच्या पुस्तकात चक्रधरस्वामी होते, लीळाचरित्र मराठीतलं पहिलं मोठं गद्य हे एका गुणाला पाठ होतं, पण मानभावी हा शब्द त्याच माणसांच्या नावावरून शिवी म्हणून आला हे कुणी सांगितलं नाही. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हण आजी सर्रास वापरते. एका म्हणीत दोन समाज. आणि मी पंधरा दिवस ‘म्हणे’ला न्याय कसा द्यायचा यावर व्याख्यानं झोडत होते.

ती रागावली नव्हती, ते जास्त वाईट. म्हणाली, “रविवारी फलटणला चल.” संपादकीय फाडलं. नवं अजून सुचलेलं नाही.

१५ डिसेंबर

फलटण. काल दत्तजयंती झाली, त्यामुळं गावात अजून गर्दी. महानुभावांच्या पंचकृष्णांत श्रीकृष्ण, दत्तात्रेय, मग फलटणचे चक्रपाणी, ऋद्धिपूरचे गोविंदप्रभू आणि चक्रधर. म्हणजे पाचांतले एक याच गावचे. आपल्या जिल्ह्यात एवढं मोठं ठिकाण, आणि आमच्या पहिल्या यादीत सॅनफ्रान्सिस्कोचं सैतानाचं चर्च होतं.

फलटणकरच्या काकांनी जेवायला घातल्यावरच बोलायला सुरुवात केली. तेराव्या शतकात चक्रधरांनी जे सांगितलं ते मराठीत सांगितलं, संस्कृतात नाही. बायकांना संन्यास दिला, जातीचा विटाळ मानला नाही, इतर देवतांची भक्ती सोडायला लावली. शेवटचं लोकांना सगळ्यात झोंबलं असावं. पुढं पंथानं आपले ग्रंथ सांकेतिक लिप्यांत लिहायला सुरुवात केली. त्यात सकळ लिपी मुख्य : अक्षराच्या जागी दुसरं अक्षर, ठरलेल्या नियमानं. पोथ्या शेकडो वर्षं बाहेरच्यांना वाचताच आल्या नाहीत. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला इतिहासाचार्य राजवाड्यांनी त्या लिपीचा उलगडा केला आणि मराठीचा केवढा मोठा ठेवा उजेडात आला. पंथ तोवर पंजाबात ‘जयकृष्णी’ नावानं आणि थेट काबूलपर्यंत पोचलेला. काबूलच्या मठात मराठी पोथी! काका हे सांगताना आमटी वाढायला विसरले.

मी भीत भीत त्या शब्दाचं विचारलं. ते हसून म्हणाले, “शब्दाला काय करणार? वाचता येत नव्हतं ना लोकांना. जे वाचता येत नाही ते लबाडच वाटतं.”

गूढ म्हणजे आम्ही अंधारी खोली आणि मेणबत्ती धरून चाललो होतो. इथं गूढ म्हणजे कुलूप, आणि कुलूप लावायची कारणं होती. परतीच्या एसटीत फलटणकरनं ठरवलं की सकळ लिपीची खरी किल्ली अंकात छापायची नाही. आपण आपली नवी लिपी करायची, त्यात एक परिच्छेद लिहायचा, किल्ली तेराव्या पानावर उलटी. वाचणाऱ्याला जरा घाम फुटू दे.

१७ डिसेंबर

मंगळवार, देवीचा वार. वाईहून मांढरदेव. चढणीच्या वळणांवर माझं नेहमीप्रमाणं डोकं गरगरलं.

देवळाचं फार लिहीत नाही, सगळे जाऊन आलेले असतात. बाजूच्या झाडाजवळ थांबलो. खोडात खिळे. जुने गंजून सालीत बुडालेले, काही नवे, टोपी चकचकीत. खिळ्याला लिंबू, वाळून काळं झालेलं. काळ्या कापडाची बाहुली, हाताएवढी पण नाही. आणि एक चिठ्ठी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून, स्टेपल करून ठोकलेली, पावसात भिजू नये म्हणून. आपण हॉल तिकिटाला जपतो तशी. अक्षर आठवी-नववीतल्या मुलीचं वाटलं, गोल गोल. वाईकरनं मोबाइल काढला. मी त्याचा हात धरला. तो म्हणाला, पुरावा आहे. मी म्हटलं, पत्र आहे.

दहा मिनिटं वाद झाला, झाडाखालीच. त्याचं म्हणणं, हे खिळे कुणीतरी पैसे घेऊन सांगतं, कुणाच्या तरी नावानं ठोकले जातात, ज्याचं नाव त्याला घाबरवलं जातं. न छापणं म्हणजे पाठीशी घालणं. त्याचं बरोबर आहे. पण ज्या पोरीनं पिशवी स्टेपल केली तिचं अक्षर तिच्या गावात ओळखणारं कुणीतरी असेलच. शेवटी कराडकरनं बसून नुसत्या खिळ्यांचं चित्र काढलं. चिठ्ठी आम्ही वाचली नाही. (वाईकरनं पहिली ओळ वाचली. सांगितली नाही.)

१८ डिसेंबर

रात्री आजीला विचारलं. २५ जानेवारी २००५, शाकंभरी पौर्णिमा, तेव्हा ती मांढरदेवच्या गडावर होती आणि सकाळीच उतरली होती. दुपारी चेंगराचेंगरी झाली, तीनशेच्या आसपास माणसं गेली. मी वही घेऊन बसले होते. आता देवीचा कोप येणार, देवीनं मला वाचवलं येणार, कुठं म्हणे लावायचं ते पाहू.

आजी म्हणाली, “द्येवीनं काय केलं न्हाई. पायऱ्यांवर नारळाचं पाणी सांडल्यालं. पाय सरकत व्हतं. एक पडला का मागचा त्येच्यावर. वाट ही एवढी. खालनं दुकानं पेटली, शिलिंडर फुटलं. पळायचं कुठनं?”

मी विचारलं, मग तू अजून हात का जोडतेस?

“जोडायचं त्ये जोडायचं. पायऱ्या द्येवीनं बांधल्यात व्हय?” मग दिव्याची वात पुढं सारत म्हणाली, “आता रुंद केलीया म्हणे वाट.”

तिच्या अख्ख्या सांगण्यात म्हणे एकदाच आलं, आणि ते सरकारला.

२७ डिसेंबर

उपशीर्षक पडलं. ‘पर्यायी धर्म आणि गूढविद्या’ असं होतं. मी सत्यशोधक समाजाचं पान लावलं होतं : २४ सप्टेंबर १८७३, पुणे, त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिलं लग्न, देवाला शब्द ‘निर्मिक’, जोतीरावांचं मूळ गाव आपल्याच खटाव तालुक्यातलं कटगुण. त्याच्या समोरच्या पानावर १४ ऑक्टोबर १९५६, नागपूर, बावीस प्रतिज्ञा. कराडकरनं दोन्ही पानं बघितली आणि ब्रश खाली ठेवला.

“आमच्या घरात बुद्ध पर्यायी नाही. बुद्ध आहे.”

वाईकरनं समजावायचा प्रयत्न केला, की पर्यायी हे काही कमीपणाचं नाही, इंग्रजीत तसंच म्हणतात. कराडकर म्हणाला, पर्यायी रस्ता कधी लिहितात? मुख्य रस्ता बंद असला की. मुख्य कोणता ते आधी सांग. आणि दुसरं, शेजारच्या पानावर सैतानाचं चर्च आहे.

दोन्हीला आमच्याकडं उत्तर नव्हतं. धम्मदीक्षेचं पान काढलं. तो विषय एका पानाचा नाहीच. सत्यशोधकांचं ठेवलं, जागा बदलली. मोकळ्या पानावर जनगणनेचा रकाना घातला. २०११ मध्ये सहा मोठे धर्म सोडून ‘इतर’ म्हणून मोजलेले ७९ लाख लोक, त्यात झारखंडकडच्या आदिवासींच्या एकट्या सरना धर्माचे ४९ लाखांहून जास्त, म्हणजे जैनांपेक्षाही जास्त. तरी त्यांना स्वतःचा रकाना नव्हता. आणि इंग्लंड-वेल्समध्ये २००१ च्या जनगणनेत ३ लाख ९० हजार लोकांनी सिनेमातला ‘जेडाय’ हा धर्म लिहिला, बहुतेकांनी गंमत म्हणून. एकाला गंमत म्हणून लिहिता येतो, दुसऱ्याला खरा असून रकाना मिळत नाही.

नवं उपशीर्षक : ‘छोटे पंथ, नवे धर्म, काही गुपितं’.

३० डिसेंबर

परदेशी पानं एका बैठकीत उरकली. विक्का : इंग्लंडमधला चेटूकविरोधी जुना कायदा १९५१ मध्ये रद्द झाला, १९५४ मध्ये निवृत्त कस्टम अधिकारी जेराल्ड गार्डनरनं पुस्तक काढून सांगितलं की ख्रिस्तपूर्व जुना धर्म अजून गुपचूप जिवंत आहे म्हणे. इतिहासकारांनी ती परंपरा मान्य केली नाही. तरी आज तो धर्म पाळणारे आहेत आणि त्यांचे सणवार खरे आहेत. सत्तर वर्षांचा धर्म म्हणजे काही खोटा नव्हे. थिऑसॉफी, म्हणजे सगळ्या धर्मांमागं एकच गूढ ज्ञान आहे असं मानणारी मंडळी : १८७५ न्यूयॉर्क, १८७९ मध्ये संस्थापक ब्लाव्हाट्स्कीबाई आणि ऑल्कॉट मुंबईत, १८८२ पासून मद्रासजवळ अड्यार. हिमालयातल्या महात्म्यांची पत्रं हवेतून पडायची म्हणे. काँग्रेसची स्थापना करणारे ह्यूम साहेबही काही काळ त्या पत्रांच्या नादी होते, हे वाचून वाईकर दिवसभर खूश.

४ जानेवारी २०२५

वरून निरोप आला. सूचना फलकावर लावलेल्या आमच्या पत्रकात ‘जादूटोणा’ शब्द आहे, तो काढा, कायद्यात अडकाल. वाईकर पेटला. त्यानं २०१३ चा अधिनियम छापूनच आणला आणि मोठ्यानं वाचला.

शब्द तर कायद्याच्या नावातच आहे. अनुसूचीत बारा कृत्यं : भूत उतरवायच्या नावाखाली मारहाण, नरबळी, साप-विंचू-कुत्रा चावल्यावर दवाखान्यात जाऊ न देता मंत्र घालणं, अशी. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं, दंड पाच हजार ते पन्नास हजार. आणि काय लागू नाही याचीही यादी आहे. वारी, कीर्तन, घरातली पूजा, जैनांचं केशलोचन, वास्तुशास्त्राचा सल्ला, नंदीबैलवाले ज्योतिषी, जमिनीतलं पाणी सांगणारे पाणाडे. कायदा मंजूर करून घेताना कुणाकुणाशी बोलावं लागलं असेल ते या यादीत दिसतं.

या गावात हा कायदा नुसता कागद नाही. डॉ. नरेंद्र दाभोलकर इथलेच. अठरा वर्षं त्यांनी या मसुद्याचा पाठपुरावा केला, २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात पुलावर त्यांना गोळ्या घातल्या, मग चार दिवसांत अध्यादेश निघाला. वाईकर वाचता वाचता इथं थांबला. उरलेलं फलटणकरनं वाचलं.

पत्रकातला शब्द आम्ही काढला. भांडायला वेळ नव्हता. अंकातला ठेवला.

१० जानेवारी

पीडीएफ न करता वर्डची फाईल पेनड्राइव्हवर नेली. दुकानातल्या संगणकावर सगळ्या वेलांट्या सुटून एकेक घर पुढं जाऊन बसल्या. ‘गूढविद्या’ कुणालाच वाचता येईना. फलटणकर म्हणाली, सकळ लिपी फुकटात. परत खोलीवर, परत दुकानात.

दुसऱ्या खेपेला अक्षरं नीट, पण मशीनला कागद लांब कडेनं उलटायला सांगितलं होतं. आडव्या कागदाला आखूड कडेनं उलटवावा लागतो. बारा संच छापून झाल्यावर लक्षात आलं : प्रत्येक कागदाची एक बाजू डोक्यावर उभी. नेमकं सैतानाच्या चर्चचं पान उलटं आलं. दुकानदार बारकाईनं बघून म्हणाला, “हे असंच हाय का मुद्दाम?” त्याला पाठपोट छपाईचा एका बाजूला ७५ पैसे दर सांगितला होता, त्यानं खराब बारा संचांचे अर्धेच घेतले. साठ चांगले संच, ४८० बाजू, ३६० रुपये, खराबाचे ३६. कव्हरसाठी जाड पिवळा कागद परवडला नाही.

१३ जानेवारी

शाकंभरी पौर्णिमा. गडावर यात्रा, आमच्या खोलीत घड्या. स्टीलच्या चमच्याच्या पाठीनं घडी दाबली की ती पुस्तकासारखी बसते, नखानं दाबली तर फुगते. लांब दांड्याचा स्टेपलर मिळाला नाही, म्हणून अंक उघडा करून थर्माकोलवर ठेवायचा, साध्या स्टेपलरनं वरून पीन मारायची, उलटवून पिनेची टोकं चमच्यानंच दुमडायची. चाळिसाव्या प्रतीला कराडकरच्या अंगठ्यात पीन गेली. एका प्रतीच्या नवव्या पानावर तो डाग आहे. ती मॅडमना दिली नाही.

आजीनं मधेच येऊन एक प्रत उचलली. तिला वाचता येत नाही. खिळ्यांचं चित्र डोळ्यांजवळ धरून म्हणाली, “ह्ये वरचं दोन नवं हायेत.” कराडकरनं ते दोन खिळे जरा उजळ ठेवले होते. आमच्यापैकी कुणालाच आजवर दिसलं नव्हतं.

२१ जानेवारी

तोंडी परीक्षा झाली. बाहेरच्या परीक्षकांनी विचारलं, गृहीतक काय? आम्ही एकमेकांकडं पाहिलं. गुण बरे मिळतील असं मॅडमचा चेहरा सांगत होता. एकच ओळ त्यांनी अधोरेखित केली, संपादकीयातली, जे अखेर फलटणकरनं लिहिलं आणि जे दोनच ओळींचं आहे : ‘या अंकात म्हणे हा शब्द एकोणीस वेळा आला आहे. कमी-जास्त वाटल्यास वाचकांनी पेनानं दुरुस्ती करावी.’

६ फेब्रुवारी

साठ प्रती संपून पंधरा दिवस झाले. आज वाईकरला स्टँडवर एका अनोळखी मुलाच्या हातात ‘म्हणे’ दिसला. आमचा नव्हता. कुणीतरी झेरॉक्सची झेरॉक्स काढली होती. मध्ये आमच्या पिनांची काळी सावली उमटलेली, त्या सावलीवर त्यांची खरी पीन. सकळ लिपीच्या पानावर कुणीतरी पेन्सिलीनं अर्धं कोडं सोडवलेलं. वाईकरनं दोन मिनिटं मागून घेऊन फोटो काढला आणि आम्हाला पाठवला.

प्लँचेटचं पान. आमचा मथळा : ‘हात आधी हलतात.’ पूर्णविरामाच्या अलीकडं, निळ्या पेनानं, वळणदार अक्षरात : ‘म्हणे’.

कराडकरनं मोजलं. वीस झाले.